रविवारची सही

मंडळी, जानेवारीत मला दोन तारखा झोपू देत नाहीत. ३१ जानेवारी सेल्फ असेसमेंटची, ती माझ्या पोटापाण्याची. आणि १५ जानेवारी, इंग्लंडमधल्या प्रायमरी शाळांच्या अर्जाची. या दुसऱ्या तारखेच्या आधी दरवर्षी एखादा मेसेज येतोच : "ताई, जवळची चर्चची शाळा फार चांगली आहे हो. पण फॉर्मवर व्हिकरची सही लागते. तेवढ्यापुरतं रविवारी जाऊन बसलं तर काय बिघडलं?"

आधी नियम सांगते. चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत आणि सगळ्यांना अशी सही लागत नाही. बऱ्याच शाळा घरापासूनच्या अंतरावर प्रवेश देतात. शाळेची अ‍ॅडमिशन पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जागा शिल्लक असेल तर धर्मावरून मूल नाकारता येत नाही. आणि मुद्दाम दिशाभूल करून मिळवलेली जागा काढून घेता येते.

आपल्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं श्रद्धेने चर्चला जातात, त्यांचा हा प्रश्नच नाही. तुम्हाला मनापासून जावंसं वाटलं, तर तुम्हीही जरूर जा. मी बोलतेय ते फक्त सहीसाठी जाण्याबद्दल.

मी सीए आहे. आमच्या आचारसंहितेत पाच मूलभूत तत्त्वं आहेत आणि पहिलं आहे सचोटी. खोट्या कागदावर सही केली की पुढचा सगळा हिशेब कितीही सुबक असला तरी वाया जातो. मुलाला प्रामाणिकपणा शिकवणारी शाळा हवी म्हणून आपण पहिलाच कागद खोटा भरायचा? चार वर्षांच्या पोराला कळत नाही असं म्हणू नका. ॲडमिशन झाल्यावर आपण रविवारी जायचं बंद केलं, हे त्याला बरोबर कळतं.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या आणि वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. परका देश, पदरात मूल, डोक्यावरचं छप्परही दुसऱ्याचं. अशा वेळी माणूस मान डोलावून मोकळा होतो. रमाबाईंनी तसं केलं नाही. ट्रिनिटीचा सिद्धान्त पटत नव्हता, तर तसं त्यांनी सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट लिहिलं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवायला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांच्याशीही वाद घातला. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले. ज्यांचं अन्न खाल्लं त्यांचा मान राखला, पण न पटलेल्या गोष्टीला होकार दिला नाही. ही पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपात छापली आहेत. मिळाली तर जरूर वाचा.

माझी मुलगी चर्चच्याच शाळेत जाते, अंतरावर जागा मिळाली म्हणून. करुणा, क्षमा, धैर्य हे शब्द तिथे रोज कानावर पडतात आणि मला ते मनापासून आवडतं. सामूहिक प्रार्थनेतून मुलाला बाहेर ठेवायचा हक्क पालकांना कायद्याने आहे. आम्ही तो वापरला नाही. एकदा तिने विचारलं, "आई, आपण तर गणपतीला नमस्कार करतो, मग मी आमेन म्हणायचं का?"

मी म्हटलं, "सगळे प्रार्थना करत असतील तेव्हा शांत बसायचं, कुणाची टिंगल करायची नाही. मनातून वाटलं तर म्हण, नाही वाटलं तर नको म्हणूस. बाईंनी विचारलं तर खरं सांग."

"बाई रागावल्या तर?"

"तर मी येईन शाळेत."

एवढंच तिला पुरलं. धैर्य हा शब्द शाळेच्या भिंतीवर छान दिसतो, पण तो वापरताना आपण पाठीशी आहोत हे मुलाला माहीत असावं लागतं.

म्हणून यंदा फॉर्म भरताना जे खरं आहे तेच लिहा. पहिल्या पसंतीची शाळा कदाचित हुकेल. दुसऱ्या शाळेतही मूल शिकतं. पण "आईबाबांनी खरं लिहिलं होतं" हे त्याला सांगता येईल, आणि ते पुढे बरीच वर्षं कामाला येईल.

तुमच्या भागात काय अनुभव आहे? कमेंटमध्ये लिहा. फक्त शाळेचं किंवा कुणाचं नाव टाकू नका.