पुसण्याचा अधिकार

धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोड मुकादमांचे हिशेब सांभाळणाऱ्या एखाद्या लहानशा कचेरीत ज्याने काही हंगाम काढले आहेत, त्याला उचलीच्या यादीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात कोयत्यामागे दिलेली रक्कम, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने येणाऱ्या हंगामाच्या भरवशावर घेतलेले आगाऊ पैसे, त्या यादीत नावनिशीवार लिहिले जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात, निघून जातात. आणि ज्या नोंदीवर त्या दोन जीवांच्या सहा महिन्यांच्या कष्टाचा हिशेब उभा असतो, ती नोंद पुन्हा उघडली जाते ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, चैत्राच्या उन्हात. ही यादी आता चोपडीत नसते. ती एका संगणकावरच्या सामायिक फोल्डरात असते आणि कचेरीतली चार माणसे आपापल्या टेबलावरून तीत लिहीत असतात.

जुन्या दप्तराच्या शिरस्त्यात लिहिणारा हात आणि नष्ट करणारा हात हे एक नसत. महसुली कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असे, अ वर्ग कायमचा आणि ब वर्ग 30 वर्षांचा. आणि ज्यांची मुदत सरली त्यांनाही वरिष्ठांच्या हुकुमावाचून आणि तशा नोंदीवाचून रुमालातून बाहेर काढून जाळण्याची मुभा कारकुनाला नसे. सात-बाऱ्यावरचे जुने नाव आजही पुसले जात नाही. पूर्वी ते कंसात जाई, आता त्यावर आडवी रेघ येते, आणि फेरफाराचा क्रमांक ते का गेले याची साक्ष देत राहतो. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यात, आणि अर्थात बीड जिल्ह्यातही, निजामी अमदानीतील उर्दू व मोडी कागदांचे गठ्ठे सोडले गेले, तेव्हा त्या नोंदी लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही न आलेल्या कारणासाठी त्यांचे अक्षर उपयोगी पडले. कोणता कागद पुढे कोणाच्या कामी येईल हे लिहिणाऱ्याला कळत नसते, हे त्या शिरस्त्याने गृहीत धरलेले होते.

संगणकाने हे दोन्ही अधिकार एका बोटाखाली आणून ठेवले. त्यातही, स्वतःच्या यंत्रावरची फाइल पुसली तर ती रीसायकल बिनमध्ये जाऊन पडते, परंतु विंडोजच्या सामायिक फोल्डरातली फाइल दुसऱ्या टेबलावरून पुसली असता ती कोणाच्याच बिनमध्ये जात नाही, हे कित्येकांना प्रसंग येईपर्यंत ठाऊक नसते. मग सर्वांचा पुसण्याचाच अधिकार काढून घ्यावा, हा विचार साहजिक आहे. पण वर्ड आणि एक्सेल फाइल जतन करताना आधी तात्पुरती प्रत लिहितात, मूळ फाइल दूर करतात आणि त्या प्रतीला मूळचे नाव देतात, त्यामुळे पुसण्याची मनाई केली की जतन करणेही अडते. शिवाय ज्याला लिहिता येते त्याला फाइल न पुसताही तिचा नाश करता येतो. संपूर्ण तक्ता न निवडता केवळ नावांचा स्तंभ अनुक्रमाने लावला गेला, की प्रत्येक रक्कम परक्या नावासमोर जाऊन बसते. फाइल जागेवर दिसते, बेरीजही जुळते, आणि या चुकीला मी पुसण्याहून अधिक घातक मानतो.

म्हणून अधिकारांची बारीक जाळी विणण्यापेक्षा चालू काम आणि पुरे झालेले काम यांची फारकत करणे मला श्रेयस्कर वाटते. महिना संपला की त्या महिन्याची यादी वेगळ्या फोल्डरात रुजू व्हावी, तिथे बाकीच्यांना केवळ वाचण्याची परवानगी असावी, आणि दुरुस्ती करायची झाल्यास मूळ नोंद तशीच ठेवून नवी ओळ तारखेसह व नावासह लिहावी. सामायिक साठ्यासाठी नॅसची पेटी घेतली असेल, तर तिच्यातील नेटवर्क रीसायकल बिनची सोय चालू करून घ्यावी. गूगल ड्राइव्हवर विसंबणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की तिथल्या कचरापेटीतील फाइल 30 दिवसांनी आपोआप नाहीशी होते, आणि श्रावणात गेलेली फाइल आमच्याकडे चैत्रात शोधली जाते. तिथे 30 दिवस पुरणार कसे? एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसणारी जी जुळवणी, तिला बॅकअप म्हणता येत नाही. महिन्यागणिक निराळी प्रत काढून, हिशेब फिटून पुढला हंगाम सुरू होईतो ती यंत्रापासून अलग केलेल्या डिस्कवर राहिली पाहिजे, आणि अधूनमधून त्यातली एखादी यादी उघडून चार नावे मुद्दाम ताडून पाहिली पाहिजेत.

याउपर एक प्रत अशी आहे, की जिला आमच्या कोणाचाही हात लागू शकत नाही. ज्यांच्या कचेरीत अशी यादी असेल त्यांना माझी विनंती आहे, की टोळ्या गावाबाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक जोडीला तिच्या उचलीचा छापील उतारा, तारीख आणि सही घालून, वाचून दाखवून, हाती द्यावा.