पार्सल बांधताना

जुन्या नाशकात मी घरून दावतीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. मसाल्याचा हात अम्मीकडून आला; डब्यांचे मात्र कामातूनच शिकत गेले.

ऑर्डर आली की मी आधी विचारते, जेवण कुठे जायचे आणि किती वाजता खाणार? भद्रकालीतल्या भद्रकालीत जाणारी बिर्याणी आणि द्वारका चौकातल्या गर्दीतून नाशिकरोडला जाणारी बिर्याणी यांना एकच डबा चालत नाही. गरम भात घट्ट झाकणात कोंडला की वाफेचे पाणी होऊन दाणे चिकटतात. म्हणून लांबच्या ऑर्डरीला पुठ्ठ्याच्या झाकणाचा फॉइलचा डबा. पण वाफ जावी म्हणून तासन्‌तास उघडे ठेवणेही बरे नाही. भात-गोश्त ६० अंशांखाली फार वेळ राहिले की जंतू वाढतात. डबे भरायचे ते निघायच्या वेळीच.

दही, लिंबू, टोमॅटो यांचे अॅल्युमिनियमशी पटत नाही. रायता वेगळ्या झाकणाच्या वाटीत, जिच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. समोसे कागदी पिशवीत, तोंड थोडे उघडे. वर्तमानपत्रात कधीच नाही. त्याच्या शाईत शिशासारखी द्रव्ये असू शकतात, आणि २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांनी त्याला मनाईही केली आहे. प्लास्टिकचे चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तेव्हा लाकडी देते.

हा सगळा खर्च येतो कुठून, हा खरा प्रश्न. गेल्या रमजानमध्ये एका भाभींनी साठ जणांच्या इफ्तारसाठी हलीम सांगितले. म्हणाल्या, “आपा, पातळ पिशव्यांतच भरा, डब्यांचे पैसे वाचतील.” ऑर्डर मोठी होती, हातची जाऊ द्यायची नव्हती. पण उकळते हलीम त्या पिशवीत ओतायला मन होईना. मी म्हटले, “भाभी, डबेच नकोत. पातेल्यातच देते, वाट्या तुमच्याकडच्या वापरा. पातेले उद्या पाठवा.” त्यांचे पैसे वाचले, माझी ऑर्डर राहिली, कचराही झाला नाही.

तेव्हापासून दर सांगतानाच डब्याची किंमत वेगळी सांगते आणि घरचे भांडे आणले तर ती कमी करते. कितीतरी जण आता स्टीलचा डबा घेऊनच येतात. घरून धंदा करणाऱ्या बहिणींनी एवढे तरी करून पाहावे. डब्याचे पैसे गोश्तातून किंवा तुपातून काढू नयेत. गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासालाच कळते.