पगार थांबल्यावर

पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे, कामगार हजार किंवा त्याहून जास्त असतील तर दहाच्या आत, असं १९३६ सालचा वेतन अदायगी कायदा सांगत आला. बोईसरजवळच्या सालवडच्या गल्ल्यांत या कायद्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण तारखा सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्या तीन-चार दिवसांत किराणावाल्याची उधारी फिटते, भिशीचा हप्ता जातो, गावी पैसे जातात आणि खोलीचं भाडं दिलं जातं. शिवाजीनगरच्या बाजूला, एमआयडीसीला चिकटून, चाळींच्या रांगा आहेत. एका रांगेत आठ-दहा खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, आत कोपऱ्यात मोरी, दाराबाहेर पाण्याचं निळं पिंप, आणि टोकाच्या भिंतीवर एका फळीला ओळीने ठोकलेले छोटे सबमीटर. मालक संध्याकाळी येतो, मीटरचे आकडे वहीत उतरवतो आणि प्रत्येक दाराशी थांबून भाडं नि लाइटबिल मिळून किती झालं ते सांगतो.

पुष्कळदा हा मालक आणि त्याचा भाडेकरू दोघंही कंपनीतच कामाला असतात. सकाळी पहिल्या पाळीला एकाच गेटने आत जातात, पंच करतात, एकाच कँटीनचा चहा पितात. पगारात फारसा फरक नसतो. एखाद्या महिन्यात ओटी जास्त झाली तर भाडेकरूच्या हातात मालकापेक्षा चार पैसे अधिकच पडतात. दोघांनी मुलांच्या शाळेसाठी उत्पन्नाचा दाखला काढला, तर दोघांच्या कागदांवर जवळपास सारखाच आकडा येईल. तरीही हे दोघं एका वर्गाचे नाहीत, आणि हे दोघांनाही चांगलं माहीत आहे. भाडेकरू मालकाला ‘शेठ’ म्हणतो. कंपनीत ज्याला तो ‘अरे’ म्हणून हाक मारतो, त्याच माणसाला चाळीच्या दारात ‘शेठ’.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मशिनं थांबली, तेव्हा हा फरक उघड्यावर आला. दोघांचाही पगार बंद झाला. भाडेकरूच्या घरातलं धान्य पहिल्या काही आठवड्यांत आटलं. मग कुणी हायवे धरला, कुणी १ मेपासून सुरू झालेल्या श्रमिक गाड्यांची वाट पाहिली. मालकाचं भाडंही थकलं, त्यानेही कुरकुर केली. पण डोक्यावरचं छप्पर त्याचं होतं, सातबारा त्याच्या नावावर होता, आणि त्याला कुठे जायचंच नव्हतं. माणसं परतली तशा खोल्या पुन्हा भरल्या.

तेव्हापासून कुणी श्रीमंत, गरीब, मध्यमवर्गीय असे शब्द वापरले की माझ्या मनात एकच प्रश्न येतो: याचा पगार आज थांबला, तर हे घर किती महिने उभं राहील? दोन आठवडे, सहा महिने की एक पिढी? माझ्या मते माणसाचा वर्ग या उत्तरात आहे, पगाराच्या आकड्यात नाही.

आमच्या घरात पगार होता, जमीन नव्हती. वडील कापड प्रोसेस करणाऱ्या एका कंपनीत परमनंट होते. बोनस, युनिफॉर्म, वर्षाची रजा, सगळं होतं. शेजारपाजारचे आम्हाला बऱ्या घरचे समजायचे आणि आम्हीही स्वतःला तसंच समजायचो. कंपनी बंद पडली आणि हिशोब मिळायला फार काळ गेला. वडिलांबरोबर त्याच खात्यात काम करणारे एक काका होते. त्यांच्या चार खोल्या होत्या, वडिलार्जित जागेत बांधलेल्या. त्या वर्षी त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला पुढच्या वर्षात गेला आणि माझ्या बहिणीने कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरली. दोघांचे वडील एकाच दिवशी बेकार झाले होते. ती मुलाहून हुशार होती, हे काकासुद्धा बोलून दाखवायचे.

त्या चार खोल्या कुठून आल्या, याचं उत्तर दोन पिढ्या मागे जातं. बोईसर-तारापूरचा हा पट्टा भातशेतीचा, वाड्यांचा आणि मासेमारीचा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत खाचरांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. जमिनी गेल्या, मोबदला आला. ज्याच्याकडे रस्त्याला लागून पाच-दहा गुंठे उरले आणि ज्याने ते धरून ठेवले, त्याचा नातू आज चाळमालक आहे. ज्याने उरलेलेही विकून लग्न उरकलं, कर्ज फेडलं, त्याचा नातू आज ठेकेदाराच्या गेटपासवर आत जातो. दोघांच्या आजोबांनी एकाच बांधावर बसून भाकरी खाल्ली असेल. पुढे जे झालं त्यात शहाणपणाचा वाटा थोडा आणि रस्ता कुणाच्या शेताच्या कडेने गेला याचा वाटा मोठा.

पगारातून संपत्ती होत नाही का? होते, पण त्यासाठी पगाराची जात पाहावी लागते. परमनंट माणसाची सॅलरी स्लिप बँकेत चालते. तिच्यावर गृहकर्ज मिळतं, हप्ता भरता भरता वीस वर्षांत फ्लॅट नावावर होतो, आणि मुलगा त्या फ्लॅटपासून पुढे सुरुवात करतो. ठेक्यावरच्या कामगाराचं तसं नाही. पगार तेवढाच असला, तरी ठेकेदार बदलला की त्याची नोकरी कागदावर नव्याने सुरू होते. ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं सिद्ध करणं त्याच्या नशिबी येतं आणि बँक त्याला दारातूनच परत पाठवते. कंत्राटी कामगारांच्या नियमनाचा आणि निर्मूलनाचा कायदा १९७० साली झाला. पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि आज ठेकेदारीवाचून चालणारी कंपनी शोधावी लागते. याचा परिणाम आपण फक्त कमी पगारात मोजतो. मला त्याहून मोठं नुकसान वाटतं ते हे, की त्याच्या पगाराला साठायला जागाच ठेवलेली नाही. तो दर महिन्याला शून्यावर येतो आणि आठ तारखेला पुन्हा सुरुवात करतो.

शासनालाही वर्ग एका आकड्यात बसवणं जमलेलं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या आहेत: पिवळी, केशरी, शुभ्र. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी. पण घरात चारचाकी असेल, किंवा चार हेक्टरांहून जास्त बागायती जमीन असेल, तर उत्पन्न काहीही दाखवा, केशरी मिळणार नाही. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणात आठ लाखांच्या मर्यादेबरोबर पाच एकर शेती आणि हजार चौरस फुटांचा फ्लॅट हेही मोजतात. ओबीसींच्या क्रीमीलेअरच्या १९९३ च्या नियमांत तर पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या मर्यादेत धरतच नाहीत, आईवडिलांची नोकरी कुठल्या श्रेणीची आहे ते पाहतात. नियम करणाऱ्यांना हे कळलेलं होतं की उत्पन्न लपवता येतं, कमीजास्त होतं, आणि माणूस समाजात कुठे उभा आहे हे त्यावरून पुरतं कळत नाही.

तारापूर अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट कळते. तिथले अधिकारी देशभरातून आलेले, त्यातल्या बहुतेकांची इथे एक गुंठाही जमीन नाही. घर सरकारी, निवृत्तीनंतर सोडायचं. तरी इथल्या कुठल्याही चाळमालकापेक्षा त्यांचा मान जास्त, आणि त्यांची मुलं कॉलनीतल्या शाळेतून निघून थेट मोठ्या शहरांत जातात. चाळमालकाच्या मुलाकडे पैसा असतो, गाडी असते, पण बँकेच्या मॅनेजरसमोर बोलताना त्याची जीभ जड होते. त्याला ते लागतं. मला ते अनेकदा दिसलं आहे. शिक्षण, भाषा, कुठला फॉर्म कुठे भरायचा याची माहिती, फोन लावता येईल असा ओळखीचा माणूस, ही संपत्ती सातबाऱ्यावर चढत नाही, पण बापाकडून मुलाकडे जमिनीइतक्याच भरवशाने जाते. कधी कधी जास्तच, कारण तिची वाटणी करावी लागत नाही.

आणि ज्यांची संपत्ती कुठल्याच कागदावर नव्हती, त्यांचं काय झालं? नवापूर, नांदगाव, सातपाटीच्या किनाऱ्यावर मांगेला समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आला. खाडी आणि समुद्र हीच त्यांची शेती. तिला सातबारा नाही. कारखान्यांचं पाणी नवापूरजवळ समुद्रात सोडलं जाऊ लागलं, किनाऱ्यालगतची मासळी गेली, आणि मोबदला मागायला दाखवावा असा उतारा कुणाकडे नव्हता. अखेर मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादापुढे उभं राहावं लागलं. जमीन गेलेल्याला निदान नोटीस येते. समुद्र गेलेल्याला ती कधी आली नाही.

वारल्यांची गोष्ट उलट्या अंगाने तीच. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने ते वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा ज्या रानात आणि शेतात ते राबत होते ते त्यांच्या पूर्वजांचंच होतं, फक्त कागद सावकाराकडे होते. पुढे कुळकायदा आला, आदिवासींची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीला विकता येऊ नये अशी तरतूद आली. ती आली नसती तर आज या जिल्ह्यात वारल्यांच्या नावे बांधावरचं गवतही उरलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. पण ती जमीन तारण ठेवून बँक सहजी कर्ज देत नाही, आणि म्हणून जमीन असूनही मुलगा सकाळी बोईसरच्या नाक्यावर मजुरीसाठी उभा असतो. कायदा ढिला करा असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांचं मला पटत नाही. जमीन राखूनही कर्ज देता येईल अशी सोय सहकारी संस्थांनी आणि शासनाने करायला हवी होती. ती झाली नाही, हा दोष जमीन राखणाऱ्याचा नाही.

पण या साऱ्याहून जवळची एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. आईचं माहेर चिंचणीच्या बाजूचं. आजोबांची लहानशी वाडी होती, शिवाय थोडं भाताचं खाचर. आजोबा गेल्यावर मामा एक दिवस आले, आईला कचेरीत घेऊन गेले. “ताई, नुसती सही आहे. माहेर तर तुझंच आहे.” तिने हक्कसोडपत्रावर सही केली. परत येताना मामांनी तिला साडी घेतली. सहीच्या वेळी तिला काही विचारावंसं वाटलं होतं का, असं मी पुढे कधीतरी विचारलं. “भावाकडे काय मागायचं?” एवढंच ती म्हणाली. मामा वाईट नव्हते. वर्षाला तांदूळ, आंबे, सुकी मासळी पोचवायचे. पण वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा आईच्या नावावर काही नव्हतं, आणि बहिणीची फी तांदळाने भरता आली नाही.

आई तेव्हाही तिच्या वडिलांची कायदेशीर वारस होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केलं होतं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींचा हक्क आणला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो बुडत नाही, हे स्पष्ट केलं. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे वारली, काटकरी, कोकणा बायकांना तोही आधार नाही. आणि जिथे लागू आहे, तिथे हक्कसोडपत्राने तो हक्क एका दुपारी मोडीत निघतो. एकाच आईबापाची दोन मुलं. एक जमीनदार होतो आणि दुसरी नवऱ्याच्या पगारावर येते. घराघरांतल्या या सह्या एकत्र मांडून पाहिल्या, तर आपल्या समाजात संपत्ती कुणाकडे का राहिली याचं निम्मं उत्तर तिथे सापडेल.

गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात पुन्हा जमिनी जात आल्या आहेत. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग, मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग, वाढवण बंदराकडे जाणारे रस्ते. नोटीस आली की वारसनोंदी निघतात, आणि वारसनोंदी निघाल्या की बहिणींना फोन जातात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी एमआयडीसीच्या मोबदल्याने इथले वर्ग ठरले. आता येणाऱ्या पैशाने पुढच्या दोन पिढ्यांचे ठरणार आहेत.

म्हणून ज्यांच्या घरी अशी नोटीस आलेली आहे, त्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे. तलाठ्याकडे वारसांची नावं देताना बहिणींची नावं द्या. त्यांना हक्कसोडीसाठी कचेरीत नेऊ नका. मोबदल्यातला त्यांचा वाटा त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ द्या, नवऱ्याच्या नव्हे. आणि बहिणींनो, “नुसती सही आहे” असं कुणी म्हणालं, तर तो कागद आधी घरी आणा, वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि मगच ठरवा.