मडगार्डची जाळी

जुन्नरहून एसटीने मंचरला उतरायचे, डिकीतून घडीची सायकल काढायची आणि शाळा गाठायची, असा माझा रोजचा परिपाठ. मागच्या पावसाळ्यात बुरख्याचा काठ मागच्या चाकात गेला आणि मी पडले, तेही मुलांच्या देखत. हँडल वाकले, मडगार्ड तुटले. घरी अम्मीचे एकच पालुपद, "आता रिक्षानेच जा."

मी दुकान गाठले. टायरवर ४७-४०६ छापलेले होते. म्हणजे रुंदी ४७ मिलिमीटर. मिस्त्रीचाचांनी मुलांच्या वीस इंची सायकलचे साठेक मिलिमीटर रुंदीचे पत्र्याचे मडगार्ड काढले. वाजते खरे, पण लांब आहे. लेडीज सायकलची जाळी कापून त्याला बसवली. ही जाळी आधीच का नसते, कोण जाणे!

मला उंच, रुंद हँडल आवडले होते. चाचा म्हणाले, "टीचर, घडी घालताना अडेल. ब्रेकच्या वायरीही आखूड पडतील." दुसरे पकडीत सैल बसत होते. पत्रा गुंडाळून बसवायला त्यांनी साफ नकार दिला. उतारावर फिरले तर? शेवटी पहिल्याच मापाचे सरळ हँडल घेतले.

सोमवारी कंडक्टर म्हणाले, "मॅडम, पुन्हा आणली?"

मी अर्धे तिकीट मागितले.