बिनसाखरेचा चहा आणि घांद्रुकच्या पायऱ्या



"डॉक्टर, मला शुगर आहे, ट्रेकला जाऊ का?" हा प्रश्न सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात हमखास येतो. पूर्वी मी बीपी बघायचो, ईसीजी काढायचो, गुडघे तपासायचो आणि सांगायचो, "खुशाल जा, फक्त गोळ्या चुकवू नका." आता मी असं सांगत नाही. का, ते समजण्यासाठी तुम्हाला नेपाळमधल्या एका डोंगरी गावात घेऊन जातो.

गावाचं नाव घांद्रुक. पोखरा शहरापासून पुढे, अन्नपूर्णा शिखरांच्या कुशीत, सुमारे 2000 मीटर उंचीवर वसलेलं गुरुंग लोकांचं गाव. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे हे गाव त्याच्याही वर. हल्ली जीपचा रस्ता वरपर्यंत पोचला आहे, पण आम्हाला चालायचंच होतं. म्हणून मोदी नदीच्या काठावरच्या बिरेठाँटीहून पायी निघालो. तिथून गावापर्यंत सुमारे 1000 मीटरची चढण, आणि तीही बरीचशी दगडी पायऱ्यांची.

बरोबर माझा शाळेपासूनचा मित्र होता. वय 56, मधुमेह दहा वर्षांचा, रोज चालण्याची सवय. त्याच्या गोळ्या मीच लिहून देतो: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. निघण्यापूर्वी त्याचा ईसीजी काढला, बूट तपासले. गोळ्यांच्या डोसचा मात्र विचारच केला नाही.

डोंगरातल्या नेपाळी घरात सकाळी उठल्यावर नुसता चहा होतो. पहिलं खरं जेवण, डाळ-भात, नऊ-दहाच्या सुमारास. आम्ही सातलाच निघालो. मित्राने गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली. वाटेवरच्या खाणावळीत ऑर्डर दिल्यावर भात शिजायला ठेवतात, तासभर लागतो. "पुढे खाऊ," असं आम्ही दोनदा म्हणालो.

अकराच्या सुमारास एका चौतारीपाशी तो मटकन बसला. चौतारी म्हणजे झाडाखालचा दगडी पार. त्याची उंची अशी ठेवलेली असते की कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर डोको, म्हणजे बांबूची मोठी टोपली, वाहणाऱ्या माणसाला न वाकता ओझं टेकवता यावं. मित्राचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणालो, "उंचीमुळे होतंय, जरा बस." इतकी वर्षं डॉक्टरी करून मी हे बोललो! आम्ही होतो जेमतेम 1700 मीटरवर. उंचीचा त्रास सहसा 2500 मीटरच्या वर सुरू होतो, आणि त्यात डोकं दुखतं, मळमळतं.

पलीकडच्या टपरीतल्या दिदीने चहा आणला. त्यांच्याकडे चहात साखर आधीच असते. मित्र एकदम तिच्यावर खेकसला, "सांगितलं ना, साखर नको!" चाळीस वर्षांत मी त्याला कुणावर असा ओरडताना पाहिलेलं नाही. तेव्हा कुठे माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. सावलीत, थंड वाऱ्यात, शर्ट घामाने चिंब होता. बाटलीचं झाकण त्याला उघडता येत नव्हतं, हात थरथरत होते.

त्याची शुगर उतरली होती. ग्लुकोमीटर मोठ्या सॅकमध्ये, आणि सॅक पुढे गेलेल्या भरियाच्या (हमालाच्या) पाठीवर. मी वाट पाहिली नाही. दिदीला म्हटलं, "चिनी, अजून चिनी." तिने काही न विचारता डबाच पुढे केला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्याला जवळजवळ दटावून पाजली, वर तो गोड चहाही. दहा-पंधरा मिनिटांत माणूस परत आला. पहिलं वाक्य, "मी ओरडलो का तिच्यावर?" दिदीने मग घरातला उरलेला भात आणि डाळ त्याच्यापुढे ठेवली. पैसे घेताना तिने भाताचे लावलेच नाहीत.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि हेच तुम्ही लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो. एकदा साखर खाऊन बरं वाटलं, तरी काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते. शिवाय दिवसभर चढलेले स्नायू रात्रीसुद्धा रक्तातली साखर ओढत राहतात. घांद्रुकला पोचल्यावर मी रात्रभर गजर लावून उठलो. अकरा वाजता 96, दोन वाजता 71. पुन्हा दूध, साखर, बिस्किटं. पहाटे 118 आलं तेव्हा मी झोपलो. रात्री काही बिनसलं असतं तर अंधारात पोखरा गाठणं सोपं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

पुढे 4130 मीटरवरच्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला जायचा बेत आम्ही रद्द केला. मित्र तासभर माझ्याशी बोलला नाही. मग माच्छापुच्छ्रेवर ऊन आलं आणि तो बोलायला लागला.

दोन दिवस गावात राहिलो. दगडी पाट्यांची छपरं, अंगणात वाळत घातलेला मका. कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाचा ढिंडो खाल्ला, आंबवून सुकवलेल्या पाल्याच्या गुंद्रुकबरोबर. घरातली सत्तरीची आजी पाठीवर चाऱ्याचा भारा घेऊन पायऱ्या चढायची, पण चुलीपाशी बसली की खोकायची. आयुष्यभर विडी न ओढताही चुलीच्या धुराने फुप्फुसांचा दमा, सीओपीडी, होतो. मी सवयीने सुरू झालो, "आजी, गॅसवर स्वयंपाक करा." तिच्या सुनेने कोपऱ्यातला सिलिंडर दाखवला. तो महाग पडतो, म्हणून फक्त पाहुण्यांसाठी. म्हणजे तिचा गॅस आमच्याच चहाला जळत होता. मग मी इतकंच सुचवलं की लाकडं नीट वाळवून घ्या, दार-खिडकी उघडी ठेवा आणि एकदा स्वास्थ्य चौकीत छाती तपासून घ्या. सल्ला देण्याआधी समोरच्याचा दिवस कसा जातो ते विचारावं, हे त्या दोन दिवसांत मला दोनदा शिकायला मिळालं.

आता तुमच्यासाठी:

1. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेत असाल, तर ट्रेक, वारी, गिरनार, किल्ला, काहीही असो, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, "चालण्याच्या दिवशी डोस किती?" डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा उतरत नाही.

2. गोळी घेतली की जेवण ठरल्या वेळी. "पुढे खाऊ" म्हणायचं नाही.

3. घाम, थरथर, धडधड, भूक, विनाकारण चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं: शुगर तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा मीटर जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरं न वाटल्यास पुन्हा द्या आणि नंतर जेवायला घाला. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते.

4. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. एका कुशीवर झोपवा आणि तातडीने दवाखाना गाठा.

5. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड, थरथर कदाचित जाणवणार नाही. घामाकडे लक्ष ठेवा.

6. साखर आणि ग्लुकोमीटर स्वतःच्या खिशात. सॅकमध्ये नाही.

परतताना आम्ही त्या चौतारीपाशी मुद्दाम थांबलो. मित्राने दिदीची माफी मागितली. ती हसली आणि तिने विचारलं, "चिनी?" तो म्हणाला, "आज नको, आज जेवलोय."

काळजी घ्या, आणि वेळेवर जेवा.