मावशीची वही

माझ्या बी.ए.चा खर्च भारत सरकारने केला, हे कागदोपत्री खरे आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची ही शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि तिच्यामागे आग्रह त्यांचाच होता. फी माफ, वर निर्वाह भत्ता. आईवडील निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला. हा आधार नसता तर नाशिकच्या एचपीटी कॉलेजची पायरी मी चढलो नसतो. ते ऋण मोठेच. पण भत्ता हातात पडायचा मार्चच्या आगेमागे, आणि भूक जूनपासूनच लागायची.

मधले महिने निभावले ते पंचवटीतल्या मावशीने. दोन खोल्यांतली तिची खानावळ. महिना भरला तेव्हा मी दारातच घुटमळलो.

"स्कॉलरशिप आली की देतो, मावशी."

"कधी येती?"

"सरकारचं काय सांगावं?"

"मग ती येवो तवा येवो. तू बस जेवायला."

तिला लिहितावाचता येत नव्हते. लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत प्रत्येक पोराचे एक पान, आणि नावाऐवजी खूण. एका कळवणकराच्या पानावर कांदा होता, एस.टी. कंडक्टरच्या पोराच्या पानावर तिकिटाचा चौकोन. मी निफाडचा म्हणून माझ्या पानावर द्राक्षांचा घड, तोही अर्धाच. पेन्सिलीचे टोक मोडले म्हणून राहिला तो राहिलाच. एका जेवणाला एक रेघ. सणाच्या पुरणपोळीची रेघ मात्र कधी पडली नाही. मी एकदा तसे म्हणालो तर खेकसली, "सणाचं कुणी मांडून ठेवतं का रे?"

काळाराम मंदिर तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच्या दारात 1930 साली आमच्या आज्या-पणज्यांनी सत्याग्रह केला होता. माझी शिष्यवृत्ती कुणाला मिळते हे मावशीला नीट ठाऊक होते, कारण उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मी तिच्याच ट्रंकेत ठेवायचो. माझे ताट इतरांच्या पंगतीतच पडायचे. ह्यावर ती कधी काही बोलली नाही, मीही नाही.

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की मला मालेगाव तालुक्यातले कवळाणे आठवते. तिथला एक शेतकऱ्याचा पोरगा 1875 साली दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याच सयाजीरावांनी 1913 मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवले: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार. त्या नोकरीत त्यांना गावात राहायला जागासुद्धा कुणी देईना, हा पुढचा इतिहास. महाराजांचे उपकार मानूनही मला नेहमी वाटते, की देणाऱ्याने कितीही मोठ्या मनाने दिले तरी घेणाऱ्याला खानावळ आणि खोली शोधावीच लागते, आणि खरी कसोटी तिथे असते. मावशीने करार केला नाही. तिच्याकडे होती ती वही, आणि स्वतः तिच्या डोक्यावर किराणा दुकानदाराची उधारी.

पैसे आले की कॉलेजच्या खिडकीपुढे रांग लागायची. रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची, नोटा मोजायच्या आणि सायकल थेट पंचवटीकडे. मावशी रेघा मोजायची पाच-पाचच्या जुड्यांनी, बोट फिरवत, ओठ हलवत. हिशेब झाला की पानावर तिरकी रेघ. मग म्हणायची, "उरलेल्यात वह्या घे. पिक्चरला जाऊ नको."

आता अर्ज महाडीबीटीवर भरतात, पैसे आधार जोडलेल्या खात्यात पडतात. रांगा गेल्या हे चांगलेच झाले. उशीर मात्र पुरता गेलेला नाही, आणि मेसवाले महिन्याचे आगाऊ मागतात. त्यांनाही गॅस सिलिंडर उधार मिळत नाही, तेव्हा त्यांना बोल कसा लावणार?

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी मावशीला साडी नेली. तिने ती उलटून पाहिली, काठ चांगले आहेत म्हणाली, कपाटात ठेवली. मग पुतण्याचा आयटीआयचा फॉर्म माझ्यापुढे टाकला.

"शिकलास ना? भर."

भरायला बसलो, तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. पुतण्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच तलाठ्याकडे पिटाळला.