वसुबारसेची पहाट

साडेचारला धार काढायला उठलो. ऑक्टोबरची दुपार अंग भाजून काढते, पण पहाटे गोठ्यात आता स्वेटर लागतो. नवरात्रात व्यालेली मुऱ्हा आज पान्हा सोडेना. रेडकू ढुसण्या देऊन थकलं, पाऊण तास गेला. काल तिच्याजवळ नवा गडी फिरकला होता. तेवढंही बाईसाहेबांना चालत नाही.

या दिवसांत बऱ्याच म्हशी वितात, ओली वैरण मुबलक, म्हणून दूध वाढतं. फॅट मात्र घसरते. संकलन केंद्रावर यंत्रानं आज ५.८ दाखवली, भाव धरलेला असतो ६.० फॅट आणि ९.० एसएनएफवर. आल्या आल्या कडब्याची कुट्टी वाढवली. तोही संपत आलाय, आणि उसाचं वाढं मिळायला कारखाने सुरू व्हायला हवेत.

आईचा आज उपवास, दूध-तूप वर्ज्य. किटल्या भरून दूध घरात, आणि ती कोरा चहा पिते! संध्याकाळी आमच्या एकुलत्या गाईला नि वासराला ओवाळेल, मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. घर चालवणाऱ्या म्हशी शेजारी रवंथ करत बघत राहतील. त्यांचा मान पाडव्याला. त्या दिवशी कोल्हापुरात शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून म्हशी रस्त्यानं मिरवतात. बाबांनी रंग आणूनही ठेवलाय. लाल. मला निळा हवा होता.